आकार नाही, तर संख्याही नाही

"पुन्हा अडकलं!" तेवितानं टेबलावर मूठ आपटली.

पडद्यावर मघाचंच वाक्य उभं होतं: 'पानाचा हा आकार मला माहीत नाही, दुर्लक्ष करत आहे.' त्याच्यापुढे काही नाही.

ग्वेंडा पूरकेंद्राच्या खिडकीशी होती. क्लॅरेन्स नदी बांधापासून हातभर खाली, चहाच्या रंगाची, झाडंच्या झाडं वाहून नेत होती. पलीकडे जाणारा पूल अजून रहदारीला खुला होता. पुराचा अंदाज काढणारं जुनं यंत्र सकाळी वीज पडून जळालं होतं. तेवितानं नवीन यंत्र जोडलं आणि जुन्याची सुरुवातीची सूचना जशीच्या तशी त्याला दिली. जागं होतानाच यंत्र ती वाचतं. मेमरीची पानं केवढी कापायची आणि किती कापायची, हे त्यात लिहिलेलं असतं.

टेबलावरच्या फोनमधून पलीकडच्या तीरावरची ग्वेंडाची थोरली बहीण मर्ल बोलत होती. "मागच्या वेळी भोंगा वाजला, म्हणून रात्रभर शाळेच्या फरशीवर झोपून पाठ मोडून घेतली. पाणी माझ्या गुलाबांनाही शिवलं नाही. या खेपेला आकडा सांग, उठते. 'बहुतेक'वर मी घर सोडणार नाही."

"मर्ल, हट्ट करू नकोस गं."

"आकडा!" मर्ल म्हणाली.

तेवढ्यात पूरपथकाचा प्रमुख नेव्ह नारिंगी कपड्यांतून पाणी गाळत आत आला. "बोलला का तुमचा डबा? भोंगा वाजवू की नको? उगाच वाजवला तर पुन्हा कुणी कुत्रंही हलणार नाही."

"मेमरीच खराब आलीय," तेविता म्हणाला. "दुसरी मागवावी लागेल."

"मागवायचं नावच काढू नकोस बाबा! वाळूची पोती भरणाऱ्यांसाठी बेकरीत दोनशे छोटे सॉसेज रोल सांगितले. छोटे नाहीत, म्हणाली ती बाई. ठीक आहे, नसू देत. तर तिनं दोनशे मोठे पाठवले! हे एवढाले! ट्रक गच्च भरला. आता वाळू काय डोक्यावर घेऊन जाऊ?"

तेविता खो खो हसला. ग्वेंडा खिडकीपासून वळली.

"नेव्ह, काय म्हणालास? छोटे नाहीत, पण संख्या तीच?"

"तीच की. नुसती संख्या घेऊन बसली, अक्कल घरी ठेवून!"

"तेविता, आपलं यंत्र त्या बाईसारखंच वागतंय."

"पण दुर्लक्ष करतोय, असं ते स्वतःच सांगतंय ना?"

"आकाराकडे दुर्लक्ष केलं रे! त्याच्यामागून आलेल्या संख्येकडे नाही. आपण हजारो चिमुकली पानं मागितली. ती या यंत्राला ठाऊकच नाहीत. मग त्यानं तेवढीच मोठी पानं बाजूला काढली. सगळी मेमरी त्यात गेली. आता त्याला स्वतःला उभं राहायला जागा नाही!"

तेविताचं हसू मावळलं. बोटं कळांवर गेली. "आकार खोडतो."

"नुसता आकार नको! संख्या उरली तर पुन्हा तेच. दोन्ही काढ."

तेवितानं दोन्ही काढली. यंत्र बंद होऊन पुन्हा गुरगुरलं. पडदा काळा. मग एक ओळ, दुसरी, आणि मग ओळींचा लोंढाच सुटला.

"चाललं!" तेविता ओरडला. "ग्वेंडा, चाललं!"

नेव्हनं त्याच्या पाठीत अशी थाप मारली की बिचारा पडद्यावरच आदळायचा. नदीच्या वरच्या अंगाच्या गावांचे पाण्याचे आकडे भराभर आत येऊ लागले. येणाऱ्या पाण्याची निळी रेघ चढत गेली. बांधाची लाल रेघ आली, आणि निळी रेघ न थांबता तिच्या वर गेली.

नेव्ह दारातून धावत सुटला.

ग्वेंडानं फोन उचलला. "मर्ल, अंधार पडायच्या आत पाणी येतंय. बांधावरून चाळीस सेंटिमीटर."

"बहुतेक?"

"नाही. चाळीस."

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कोंबड्यांची कलकल झाली. मग जाळीचं दार आपटलं. फोन ठेवायचं मर्लच्या लक्षातच राहिलं नव्हतं.

ग्वेंडानं तो कानाला तसाच धरून ठेवला. बाहेर भोंगा सुरू झाला. आधी तिला तो खिडकीतून ऐकू आला, आणि क्षणभरानं फोनमधून, मर्लच्या रिकाम्या घरात घुमताना.