साठपर्यंत

"दहा हजार डॉलर," नीना फोनवर इंग्रजीत म्हणाली. "हो किंवा नाही, आत्ता सांग. दीड मिनिटात आमची पाळी आहे."

पलीकडे, टेक्सासमधल्या शुगर लँडच्या घरात, देवांग सबनीस होता. बावीस वर्षांचा पिचर, म्हणजे बेसबॉलमधला गोलंदाज; कॉलेज संपलेलं. संघ पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात त्या ड्राफ्टमध्ये यंदा कुणीच निवडलं नाही, तर त्याचा बेसबॉल संपला. हे त्याला ठाऊक होतं आणि नीनालाही. म्हणून तर फोन त्याला गेला होता.

नव्या खेळाडूंवर संघानं किती खर्च करायचा, याला मर्यादा असते. आठव्या फेरीच्या या निवडीसाठी दोन लाख धरलेले होते. देवांगला त्यातले जितके कमी, तितके काल निवडलेल्या अलाबामाच्या शाळकरी पिचरला जास्त. तो पिचर नीनाचा शोध. मनासारखी रक्कम मिळाली नाही म्हणून तो कॉलेजला निघून गेला असता, तर पुढच्या वर्षी संघाच्या या खोलीत नीनाची खुर्ची नसती.

"वन मिनिट, मॅम," देवांग म्हणाला. फोन दोन्हीकडे स्पीकरवर होता. म्यूट करायचं त्याच्याकडून राहून गेलं असेल. किंवा नीना वॉकर नावाच्या बाईपुढे म्यूट कशाला, असं वाटलं असेल. वॉकर हे तिच्या नवऱ्याचं आडनाव.

"पन्नास माग," वडिलांचा आवाज आला. "पहिल्या आकड्याला हो म्हणायचं नसतं."

"बाबा, दे'ल जस्ट कॉल द नेक्स्ट गाय!"

"अहो, ताणू नका हो." आई रडकुंडीला आली होती. "पाच म्हणाले तरी हो म्हणू दे त्याला. एकदा नाव लागू दे पोराचं."

यादीत सबनीस वाचलं तेव्हाच नीनानं हा फोन दुसऱ्या कुणाला तरी द्यायला हवा होता. आता तिच्या तळव्याखाली बॉसनं चिकटवलेली पिवळी चिठ्ठी होती. साठपर्यंत जा.

घड्याळात चाळीस सेकंद उरले होते. बॉस तिच्याकडेच बघत होता.

"फिफ्टी?" देवांगनं विचारलं. आवाज कापत होता.

बरं म्हणून टाकावं आणि मोकळं व्हावं, असं तिला फार वाटलं. तिची आईसुद्धा अगदी असंच म्हणायची, अहो, ताणू नका हो.

"दहा," ती म्हणाली. "माझ्या यादीत अजून तिघं आहेत."

"येस," देवांग घाईघाईनं म्हणाला. "येस, मॅम. थँक यू सो मच!"

पलीकडे एकच गलका उठला. त्यातून आईचा आवाज आला, फोनच्या अगदी जवळून. "भली बाई आहे हो. कोण कुठली, पण पोराच्या कष्टांचं चीज केलं. सुखी राहू दे तिला."

नीनानं फोन बंद केला. बॉसनं उरलेले एक लाख नव्वद हजार फळ्यावर लिहिले, खुशीत येऊन तिची पाठ थोपटली आणि पिवळी चिठ्ठी चुरगळून टोपलीत टाकली.

"शेवटी ती बाई काय म्हणत होती?" त्यानं विचारलं. "तुझीच भाषा ना ती?"

"नाही," नीना म्हणाली. "माझी नाही."