आडव्या वाऱ्यातला मुहूर्त

विमानात पाच वऱ्हाडी, दोन पायलट, एक फेटा आणि दोन किलो अक्षता होत्या. मुहूर्त बारा वाजून सात मिनिटांचा. दोन तास उशिराने, अकरा अठ्ठेचाळीसला आमचं छोटं जेट धावपट्टीला टेकलं, तेवढ्यात आडवा वारा आला, डावा पंख घासला आणि आम्ही गिरकी घेत गवतात जाऊन थांबलो.

पायलटने आम्हाला उतरवून लांब नेलं आणि मोजलं. सात. कुणाला ओरखडाही नव्हता. आधी आत्याला हसू फुटलं, मग सगळ्यांना.

"कार्यालय किती लांब?" नवरदेवाने, म्हणजे माझ्या दादाने, विचारलं.

"तीस किलोमीटर," सीमांतपूजनाचं ताट घेऊन, गुरुजींसह धावत आलेले त्याचे सासरे म्हणाले. हसू थांबलं. पुढचा मुहूर्त पाच महिन्यांनी होता.

इतक्यात सासऱ्यांच्या गाडीच्या मागच्या सीटमागून हिरव्या चुड्यातली नवरी उतरली.

"तू इथे?" सासरे किंचाळले.

"विमान उतरताना बघायचं होतं, बाबा. लपून आले."

"गुणाची गं माझी बाई!" आत्या नाचायलाच लागली.

आत्याच्या शालीचा अंतरपाट झाला. दोन्ही पायलटांनी तो फडफडता धरून ठेवला. गुरुजींनी मंगलाष्टकं सुरू केली.

"वारा डावीकडून येतोय," मी म्हटलं. "अक्षता डावीकडे फेका."

"गप गं, फिजिक्सवाली!" आत्या म्हणाली.

अंतरपाट बारा सातला खाली आला. अक्षता उजवीकडे अकरा मीटरवर पडल्या.