बाबांच्या वहीतलं वर्तुळ

बाबा गेले आणि त्यांच्या प्रयोगशाळेत कुजबुज सुरू झाली, की त्यांनी निकाल मनानेच लिहिले होते. मीही तिथेच काम करते. त्यांची वही उघडून मी प्रयोग पुन्हा करायला घेतला. दुधातल्या प्रथिनांचे तुकडे असलेल्या पाण्यात बारीक छिद्रांची पावडर मिसळायची. मोठे तुकडे बाहेर राहतात, जंतू मारणारे इवलेसे तुकडे छिद्रांत शिरून बसतात. ते छिद्रांतून धुऊन काढून जंतू वाढवलेल्या बशीवर त्यांचा थेंब टाकला, की तिथे स्वच्छ वर्तुळ दिसायला हवं. वहीतली ओळ न् ओळ पाळूनही तीन वेळा बशी गढूळच राहिली.

"पुरे आता," साहेब हळूच म्हणाले. "झाकली मूठ झाकलेलीच राहू दे."

घरी आईला विचारलं, "पावडर मिसळली की बाबा पुढे काय करायचे गं?"

"मला काय कळतंय त्यातलं? 'मिसळून आलो' म्हणत घरी जेवायला यायचे. मग 'जरा पडतो' म्हणून आडवे व्हायचे, ते चहाला हाक मारली की उठायचे."

दुसऱ्या दिवशी मी पावडर मिसळली आणि नेहमीसारखी लगेच धुवायला न घेता तीन तास तिला हात लावला नाही. पुढच्या सकाळी बशीत नखाएवढं स्वच्छ वर्तुळ होतं.

आईला फोन लावला.

"आई, बाबांनी वहीत खोटं काहीच लिहिलं नव्हतं. कामाच्या वेळेतली झोप तेवढी लिहायची टाळली होती."