डाव्या गौरीची नथ

गौरींना साड्या नेसवून झाल्या, तेव्हा केतकीच्या लक्षात आलं की नथ एकच उरलीय. नोकरी सांभाळून तिने यंदा गौरींसाठी खोट्या मोत्यांच्या साठ नथी ओवून विकल्या होत्या. त्या भरात घरच्या गौरींसाठी ओवलेल्या जोडीतलीही एक विकली गेली.

"दोघी बहिणींना एक नथ! आळीपाळीने घालतील का त्या? सण झाला की हा तुझा धंदा बंद," म्हणत सासूबाईंनी आपल्या सासूची सोन्याची नथ आणून डाव्या गौरीला घातली.

हळदीकुंकवाला आलेल्या बायका उजव्या गौरीसमोरून हलेनात. "अगदी खरी वाटते गं नथ! डावीची मात्र नकली आहे, लगेच कळतं."

केतकीने सासूबाईंकडे पाहिलं.

सासूबाईंनी शांतपणे कुंकवाचा करंडा पुढे केला. "उजवीची सूनबाईने केलीय. डावीची मी. शिकतेय अजून तिच्याकडे."