आत्याच्या मैत्रिणीचा पत्ता

“या नावाची बाई आमच्या दप्तरात नाही,” असं म्हणून नगरपालिकेच्या दप्तरखान्यातल्या कारकुनाने नोंदवही मिटली.

समोरच्या तरुणीने ती पुन्हा उघडली. “तुम्ही फक्त वसतिगृहाची पानं पाहिलीत. बाई जन्मभर वसतिगृहात थोडीच राहील? जुन्या मतदार याद्या काढा.”

“त्या माळ्यावर आहेत.”

“मग शिडी धरा, मी चढते.”

कारकुनाने शिडी धरली.

तिच्याकडे एकच पत्र होतं. तीस वर्षांपूर्वीचं, बाबांच्या कपाटातून न विचारता आणलेलं. आत्या लग्नाच्या आदल्या दिवशी घरातून निघून गेली होती. वर्षभराने या शहरातून टाइप केलेल्या चार ओळी आल्या. तुमची बहीण तापाने गेली. सगळं उरकलं आहे. आता कुणी येऊ नये. खाली ‘तिची मैत्रीण’ म्हणून एका बाईचं नाव आणि वसतिगृहाचा पत्ता.

घरात त्या पत्राचा उपयोग ठरलेला होता. तिने सायकल मागितली, तेव्हा बाबा म्हणाले, “आत्याचं काय झालं, ठाऊक आहे ना?” नोकरी धरली, तेव्हाही तेच. आता बंदरावर क्रेन चालवायच्या प्रशिक्षणासाठी तिची निवड झाली होती. आठ दिवसांत हजर व्हायचं होतं. बाबांनी पुन्हा पत्र पुढे केलं.

या वेळी ती गप्प बसली नाही. “आत्या मेली, मान्य. पण त्याआधी वर्षभर जगली ना? कशी जगली, ते मी त्या मैत्रिणीलाच विचारते. रडत जगली असेल, तर मी घरी बसेन.”

बाबा म्हणाले, “जा. तीस वर्षांनी कोण सापडतंय!”

मतदार यादीत मैत्रिणीचं नाव सापडलं. पाण्याच्या टाकीमागची गल्ली, खोली चार. ती गल्लीत गेली, तर तिथे गोदाम झालेलं. ती दप्तरखान्यात परतली. पुढच्या यादीत इस्त्रीच्या दुकानावरची खोली निघाली. म्हाताऱ्या इस्त्रीवाल्याला ती टंकलेखिका बाई चांगलीच आठवत होती. “जिन्यात दिवा नव्हता म्हणून मालकाशी भांडली. दिवा लागला, मगच खोली सोडली. कुठे गेली, देव जाणे.”

चार दिवस गेले. त्यापुढच्या याद्या वाळवीने खाल्ल्या होत्या. पाचव्या दिवशी ती पोहोचली, तर कारकून स्वतःच शिडीवर उभा. नळजोडणीची वही छातीशी धरून तो वरूनच ओरडला, “ताई, सापडली! कालव्याकाठी, घर नंबर सतरा. नळ स्वतःच्या नावावर आहे बाईंच्या!”

दारावर तेच नाव होतं. तिने कडी वाजवली. पंचावन्न वर्षांच्या, चष्मा केसांवर सरकवलेल्या बाईंनी दार उघडलं.

“तुम्ही माझ्या आत्याच्या मैत्रीण ना?” तिने पत्र पुढे केलं. “तिचं ते वर्ष कसं गेलं, एवढंच सांगा. खरं सांगा.”

बाईंनी चष्मा नाकावर घेतला. चार ओळी वाचायला त्यांना फार वेळ लागला. कपाळावर मधोमध एक उभी आठी पडली. ती आठी तिने रोज घरी बाबांच्या कपाळावर पाहिली होती. नाकही तेच होतं. हनुवटीही तीच.

“आत्या?” तिने विचारलं.

बाईंनी तिला हाताला धरून आत घेतलं.

“जुनं नाव मी घरीच सोडून आले होते, इथे हेच घेतलं. तरी दादा मला ओढून न्यायला गल्लोगल्ली फिरत होता,” त्या म्हणाल्या. “मग काय, एक दिवस रजा टाकली, मेले, आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर गेले.”