अर्ध्यावरची प्रार्थना

"कंपनीवाले नुसतं थांबा म्हणतात," फोन ठेवत बस्त्याव म्हणाला आणि पुन्हा दारापर्यंत जाऊन आला. मुलाच्या जहाजाशी सकाळपासून संपर्क तुटला होता.

आत त्याची बायको रेजिना अल्तारापुढे, भिंतीवरच्या क्रुसासमोर, गुडघ्यांवर जपमाळ म्हणत होती. माळेतली प्रार्थना दोघांनी म्हणायची असते. एकाने अर्धी सुरू करायची, दुसऱ्याने उरलेली पुरी करायची. मुलगा घरी असताना उत्तर तोच द्यायचा. आता रेजिना अर्ध्यावर जराशी थांबायची आणि मग उरलेलं स्वतःच म्हणायची. ते थांबणं आपल्यासाठी आहे हे बस्त्यावला कळायचं, आणि त्याचाच राग यायचा.

"ऐकतंय कोण तिकडे?" तो म्हणाला. ती पुढच्या मण्यावर गेली.

या वेळी मात्र ती अर्ध्यावर थांबली ती थांबलीच. तिचे खांदे हलत होते. बस्त्याव दाराकडे गेला, परत आला. अर्धवट राहिलेले शब्द त्याला बसू देईनात. शेवटी उभ्याउभ्याच, भांडायला आल्यासारखं, त्याने ते भरभर पुरे केले.

तिने वळून पाहिलं नाही. डोळे पुसून मणी सरकवला.

"एवढी घाई नको," ती म्हणाली. "माळ अजून बरीच बाकी आहे."