आवडलं तर वाजवा

बर्गर आला तो पाऊण तासाने, आणि तोही दुसऱ्याच कुणाचा. बदलून आणला तेव्हा पाव भिजून लगदा झालेला, आतली टिक्की मधोमध गार, बटाट्याचे काप चिवट. तक्रार करायला मी दोनदा उठले. दोन्ही वेळा यांनी मनगट धरून मला खाली बसवलं. "जाऊ दे गं. गर्दी आहे, होतं असं." कालच माझ्या भाजीत मीठ कमी म्हणून ताट सरकवणारे ते हेच.

इथे मात्र शेवटच्या घासापर्यंत मुकाट संपवलं. निघताना दाराशी एक पितळी घंटा टांगलेली दिसली. खाली पाटी होती : 'जेवण आवडलं असेल तर वाजवा.' यांनी दोरी धरून ती चांगली तीनदा वाजवली. आतून चार-पाच जणी एकदम "थँक यू" म्हणाल्या. तव्यापाशी उभ्या असलेल्या मुलीने तर घाम पुसता पुसता हात हलवला.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय आवडलं हो एवढं?"

"आवडायचंय काय त्यात, चोथा होता नुसता. पण बिचाऱ्या दिवसभर गॅससमोर उभ्या असतात. कुणी बरं म्हटलं की माणसाला हुरूप येतो."

"तीस वर्षं मीही उभीच आहे."

हे खिशात गाडीची चावी शोधत होते. हसून म्हणाले, "पण आपल्याकडे घंटा कुठे आहे?"